कला महाविद्यालयाचा विचार दिवाळीआधी व्हावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाची करिअर पुरवणी दरवर्षी दहावी-बारावीच्या निकालानंतर येते. तिच्यात कलाक्षेत्रासाठी अर्धं-पाऊण पान असतं. माहिती बरोबर असते, मेहनतीने जमवलेली असते, हे मी आवर्जून सांगते. पण ती ज्या दिवशी आमच्या हातात पडते त्या दिवशी तिच्यातल्या बहुतेक परीक्षा होऊन गेलेल्या असतात. यूसीड ही आयआयटीच्या डिझाइन शिक्षणाची परीक्षा जानेवारीत होते, तिचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरायचे असतात. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या म्हणजे एनआयडीच्या प्रवेशपरीक्षेचे अर्जही त्याच सुमारास निघतात. फॅशनचं शिक्षण देणाऱ्या निफ्टचंही तसंच. आपल्या राज्याच्या सीईटी कक्षाची उपयोजित कला आणि हस्तकलेची सीईटी असते, जिच्यावर बीएफए या ललित कलेच्या पदवीचे प्रवेश होतात, तीसुद्धा बारावीचा निकाल लागायच्या आत उरकलेली असते. जूनमध्ये पुरवणी वाचून एखादा बाप मुलीला घेऊन माझ्या दुकानात येतो आणि विचारतो, "ताई, आता कुठे घालायची हिला?" त्या वेळी त्याच्यापुढे जे उरलेलं असतं तेच त्याला निवडावं लागतं. त्याला निवड म्हणता येत नाही.

मी अमळनेरात चित्रकलेच्या साहित्याचं आणि तसबिरी फ्रेम करून देण्याचं दुकान चालवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शाळकरी मुलांच्या शासकीय चित्रकला परीक्षांच्या हंगामात तालुक्यातल्या शाळांची मुलं माझ्याकडूनच कागद, पोस्टर कलर, ब्रश नेतात. त्यांतली जी पुढे कला महाविद्यालयात जातात ती सुट्टीत घरी आली की पुन्हा येतात, कारण अर्धवट राहिलेली कामं त्यांना घरी पुरी करायची असतात. काउंटरच्या या बाजूला बसून मी ही मुलं वर्षानुवर्षे पाहते आहे. कोण कुठे गेलं, तिथे काय शिकलं, कुणाचं काय झालं, हे मला कळत राहतं. त्या जोरावर हे पत्र लिहिते आहे. मी स्वतः कला महाविद्यालयात शिकलेली नाही, पण या विषयाची तळमळ मला आहे.

आपल्याकडे पालक पहिला प्रश्न विचारतात तो पोटाचा. "ताई, आसं चित्रं काढीसन पोट भरी का?" हा प्रश्न चुकीचा नाही. कापसाच्या आणि केळीच्या भावावर ज्यांचं घर चालतं त्यांनी तो विचारलाच पाहिजे. मात्र त्याचं उत्तर देण्याआधी मी उलट विचारते, की तुमच्या पोराला रोज सकाळी उठून नेमकं कोणतं काम करायचं आहे? कारण 'चित्रकला' या एका शब्दाखाली आपण पाच-सहा निरनिराळे धंदे कोंबून ठेवले आहेत. कॅनव्हासवर चित्र रंगवणारा चित्रकार, मातीत-धातूत काम करणारा शिल्पकार, वेष्टनं-जाहिराती-पुस्तकांची मांडणी करणारा उपयोजित कलाकार, कापडाची नक्षी बसवणारा टेक्स्टाइल डिझायनर, खुर्चीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत वस्तू कशी वापरली जाईल याचा विचार करणारा प्रॉडक्ट डिझायनर आणि शाळेतला कलाशिक्षक. यांचं शिक्षण वेगळं, परीक्षा वेगळ्या, आणि महाविद्यालयंही बरीचशी वेगळी.

मुंबईचं 'जे.जे.' हेच उदाहरण घ्या. इकडे सगळे म्हणतात, पोराला जे.जे.ला टाकायचंय. तिथे एकाच आवारात वेगवेगळ्या संस्था वाढल्या हे फार थोड्यांना माहीत असतं. १८५७ साली सुरू झालेल्या सर जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रेखा व रंगकला, शिल्पकला, शिवाय टेक्स्टाइल, सिरॅमिक, धातुकाम, अंतर्गत सजावट असे विभाग. जाहिरात, अक्षरांकन, इलस्ट्रेशन शिकायचं तर शेजारची उपयोजित कला संस्था. आणि इमारती बांधायच्या असतील तर तिसरं, वास्तुकला महाविद्यालय. २०२३ मध्ये हे सगळं मिळून अभिमत विद्यापीठ झालं. तेव्हापासून तिथल्या प्रवेशाचे नियम दरवर्षी त्यांच्याच संकेतस्थळावर पाहून घ्यावेत, मागच्या वर्षी गेलेल्या मुलाच्या सांगण्यावर जाऊ नये. धरणगावकडचा एक मुलगा अक्षरांचा वेडा होता. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, एसटीवरची अक्षरं, सगळं वहीत उतरवून ठेवायचा. तो चित्रकला शाखेत गेला, कारण घरच्यांना तेवढंच नाव ठाऊक होतं. चार वर्षं त्याने निसर्गचित्रं आणि व्यक्तिचित्रं केली, चांगली केली. पण त्याचा हात ज्यासाठी होता ते त्याला पुढे नोकरीत, रात्री जागून, स्वतःचं स्वतः शिकावं लागलं.

परीक्षांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण घोळ इथेच होतो.

आपल्या भागात इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळाली की घरातले म्हणतात, पोरगं आता कुठेही लागेल. इंटरमिजिएटला मुलं काय करतात? स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. राज्याची बीएफएची सीईटी याच वाटेने पुढे जाते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांचे हाताने करायचे पेपर असतात आणि जोडीला सामान्यज्ञानाचा पेपर. बारावी कोणत्याही शाखेतून केलेली चालते. ज्या मुलाने शाळेत चित्रकलेच्या सरांकडे मन लावून दोन परीक्षा दिल्या, त्याचा पाया या सीईटीसाठी तयार झालेला असतो. त्याने सराव तोडला नाही, रोज एक वस्तू समोर ठेवून रेखाटली, बाजारात बसून माणसं टिपली, तर आमच्या अमळनेर-चोपड्याच्या मुलांना ती अवघड नाही. तोटा होतो तो अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत. दहावीला या चित्रकला परीक्षांचे वाढीव गुण मिळाले की रंगाची पेटी माळ्यावर जाते आणि थेट सीईटीच्या आदल्या महिन्यात खाली येते.

एनआयडी आणि यूसीड यांची परीक्षा मात्र निराळ्या जातीची आहे. तिथे सुबक शेडिंगला फार भाव नाही. घडी केलेल्या कागदाला भोक पाडलं तर तो उलगडल्यावर कसा दिसेल, एखादं यंत्र फिरलं तर दुसरं चाक कोणत्या दिशेने फिरेल, रस्त्यावरच्या एखाद्या अडचणीवर तुम्ही काय उपाय सुचवाल, असला विचार लागतो. यूसीडचा एक भाग संगणकावर द्यायचा असतो आणि दुसऱ्यात हाताने रेखाटन करायचं असतं. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. लागोपाठच्या दोन वर्षांतच ती देता येते, त्यापेक्षा जास्त वेळा नाही. हे नियम कळले की पालक आपोआप सावध होतात. शास्त्र शाखेतलं, गणितात रमणारं, घरातला पंखा-मिक्सर खोलून बसणारं आणि शिवाय बरं चित्र काढणारं पोर असेल, तर त्याच्यासाठी ही वाट आहे. त्याला इंजिनिअरिंगला ढकलताना निदान या वाटेचं नाव तरी त्याच्या कानावर पडू द्या. आणि उलट, ज्याला तासन्तास चेहरे रंगवायचे आहेत त्याला केवळ 'डिझाइनमध्ये पैसा आहे' म्हणून तिकडे पाठवलं तर तो पहिल्या वर्षातच कोमेजतो. फीचा फरकही मोठा आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थांची फी वर्षाला लाखांत जाते. आपल्या शासकीय कला महाविद्यालयांची तिच्या मानाने फारच कमी.

आता कॉलेज प्रत्यक्ष कसं पाहावं, याविषयी. माझ्याकडे मुलं जी सामानाची यादी घेऊन येतात, तिच्यावरून तिथलं शिक्षण मला बरंच समजतं. काही कॉलेजांची मुलं दर सुट्टीत येतात आणि न्यूजप्रिंटचे बंडल, कोळसा, नवी स्केचबुकं नेतात. आधीची भरलेली असतात. मी मागितली की दाखवतात. त्यांत स्टेशनवर झोपलेली माणसं, हॉस्टेलचा जिना, मेसमधले हात, एकाच कानाची वीस रेखाटनं. तिथे कुणीतरी रोज त्यांच्या मागे उभं राहून बोलतंय हे त्या पानांवरून कळतं. दुसऱ्या काही कॉलेजांची मुलं वर्षभर फिरकत नाहीत आणि फेब्रुवारी-मार्चात एकदम गठ्ठाभर शीट नेतात, कारण सबमिशन आलेलं असतं. दोन आठवड्यांत वर्षाचं काम उरकायचं. त्यांतली काही पैसे देऊन दुसऱ्याकडून शीट करून घेतात, हेही मला माहीत आहे. मी कुठल्याही कॉलेजचं नाव घेत नाही. पण आपल्या मुलाला प्रवेश घेण्याआधी तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांची स्केचबुकं बघायला मागा, एवढं मी प्रत्येक पालकाला सांगते. इमारत, प्रवेशद्वार, संगणककक्ष हे नंतर बघा.

आणि जायचं तर साध्या दिवशी जा. प्रवेशाच्या दिवसांत सगळी कॉलेजं झाडून-पुसून ठेवलेली असतात. सप्टेंबरातल्या एखाद्या मंगळवारी-बुधवारी सकाळी जाऊन बसा. वर्गात शिक्षक येतात का? पूर्णवेळ किती, तासिका तत्त्वावर किती? समोर मॉडेल बसवून काम होतं का, की फोटोवरून चौकोन आखून मोठं करणं चाललंय? वाचनालयाला कुलूप आहे की मुलं पुस्तकं चाळताहेत? शिल्पकलेचा विभाग कागदावर आहे की तिथे खरोखर माती कालवलेली दिसते? मुलांना विचारा, शेवटचा विद्यार्थी नोकरीला लागला तो कुठे आणि कशावर. वार्षिक प्रदर्शन कधी असतं ते विचारून त्या दिवसांत पुन्हा जा. ज्यांना एवढं फिरणं परवडत नाही त्यांनी राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागावर लक्ष ठेवावं. कोणत्या कॉलेजच्या कोणत्या शाखेतलं काम निवडलं गेलं, हे तिथे कळतं.

शिल्पकलेचा विषय निघाला म्हणून लिहिते. धुळ्याजवळच्या गोंदूर गावचे राम सुतार आपल्या खानदेशाचे, हे आपण अभिमानाने सांगतो. स्टॅच्यू ऑफ युनिटीचा १८२ मीटर उंचीचा पुतळा त्यांचा, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण ते तिथवर कसे गेले, हे कुणी सांगत नाही. श्रीराम कृष्ण जोशी नावाच्या गुरूंनी त्यांचा हात ओळखला आणि त्यांना जे.जे.ला पाठवलं, नेमकं शिल्पकलेसाठी. १९५३ मध्ये त्यांना तिथलं मेयो पदक मिळालं. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात राहून त्यांनी अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचं काम केलं आणि मग दिल्ली गाठली. सुताराच्या घरातल्या मुलाला काय करायचं आहे हे गुरूने ओळखलं आणि ते जिथे शिकवतात तिथेच त्याला धाडलं. आज आपल्या तीन जिल्ह्यांत गणपतीच्या मूर्ती करणारी किती कुटुंबं आहेत! पेणहून मूर्ती आणून रंगवणारे वेगळे, मी स्वतः माती हाताळणाऱ्यांविषयी बोलते आहे. त्यांच्या पोरांची बोटं लहानपणापासून तयार असतात. त्यांना शिल्पकला हा पदवीचा विषय आहे, त्याला राज्यात आणि राज्याबाहेर शासकीय कॉलेजं आहेत, हे कुणी सांगतं का? फार झालं तर त्यांना ए.टी.डी. करायला सांगितलं जातं.

ए.टी.डी. म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा. मी त्याला कमी लेखत नाही. शाळेत कलाशिक्षक व्हायचं तर ही अर्हता विचारली जाते, आणि आमच्या भागात ज्यांनी मुलांच्या हातात पहिला ब्रश दिला ते बहुतेक ए.टी.डी., ए.एम. (आर्ट मास्टर) झालेले शिक्षकच आहेत. पण कलाशिक्षकांच्या जागा आता पूर्वीसारख्या निघत नाहीत, हे या व्यवसायातले सगळे जाणतात. शिकवायची खरी ओढ असेल त्यानेच तो करावा. 'दुसरं काही जमत नाही तर ए.टी.डी.' या विचाराने केलेली मुलं माझ्याकडे येतात ती फ्रेमिंगचं काम मिळेल का विचारायला. जी.डी. आर्टबद्दलही पालकांचा असाच गैरसमज असतो. ती पदविका आहे, पदवी नाही. पुढे पदव्युत्तर एमएफए करायचं, परराज्यात जायचं, स्पर्धापरीक्षा द्यायच्या, तर पदवी आहे का नाही याने फरक पडतो. तेव्हा बीएफए आणि जी.डी. आर्ट यांत काय घेतोय हे प्रवेशाच्या दिवशी समजलेलं असावं.

आता नातेवाइकांचं. आपण खानदेशी माणसं मुलांना शिकायला पाठवताना आधी नातेवाईक शोधतो. पुण्याला मामा आहे म्हणून पुणे, कल्याणला काका आहे म्हणून मुंबई. मुलीच्या बाबतीत तर ही पहिली अट. मी आई आहे, मला ती काळजी कळते. पण मग मला एक कळत नाही. घरटी कुणी ना कुणी सुरतेला आहे, उधन्यात, लिंबायतीत आपली भाषा बोलणारे मोहल्लेच्या मोहल्ले आहेत. आपली ताप्ती लाइन अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत सुरतेला जाते आणि तिथून बडोदा काही तासांवर. त्या बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं ललित कला संकाय आहे. १९५० च्या सुमारास सुरू झालं. ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकलेचे प्रमुख होते, शिल्पकलेला संखो चौधरी होते, के. जी. सुब्रमण्यन यांनी तिथे शिकवलं. चित्र-शिल्पाबरोबर मुद्राचित्रण (प्रिंटमेकिंग) आणि कलेतिहास यांचे तिथे स्वतंत्र विभाग आहेत. देशभरातून मुलं तिथे येतात. अमळनेरच्या मुलाला ते मुंबईइतकंच जवळ आहे, पण त्याच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. त्यांची प्रवेशपरीक्षा त्यांची स्वतःची असते आणि परराज्यातल्या मुलांच्या जागांचे नियम आधी वाचून घ्यावे लागतात. तेवढं केलं तर सुरतेची आत्या उपयोगी पडेल.

सुरतेचा आणखी एक उपयोग. तिथल्या साड्या-कापडाच्या धंद्याला नक्षी बसवणारी माणसं सतत लागतात. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणल्या जातात, त्यांच्यावरची वेलबुट्टीही कुणीतरी काढतंच. रांगोळीत आणि मेंदीत हात असलेल्या मुली प्रत्येक गल्लीत आहेत. टेक्स्टाइल डिझाइन नावाची शाखा आहे आणि तिचं शिक्षण शासकीय संस्थेत मिळतं, हे त्यांच्या आयांपर्यंत पोचलं तर पोटाच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना घराजवळच सापडेल. डाळ मिल, मसाले, दोंडाईच्याची मिरची, केळीचे वेफर, सोन्याच्या पेढ्या, या सगळ्यांना वेष्टनं आणि जाहिराती लागतात. ते काम आज बहुतेक बाहेरगावी जातं. उपयोजित कला शिकलेली आपली मुलं परत आली तर ते इथेच राहील.

दूरचं एवढं सांगितलं म्हणून जवळच्या कॉलेजांना मी नावं ठेवते असा कुणाचा ग्रह होऊ नये. रावेर तालुक्यातल्या खिरोद्यासारख्या खेड्यात सप्तपुट ललित कला भवन उभं राहिलं, ही लहान गोष्ट नाही. त्याच्या शेजारच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा गांधीजींनी शांतिनिकेतनच्या कलाभवनातून नंदलाल बोस यांना बोलावलं. त्यांनी गावचा बांबू आणि गावचे कारागीर घेऊन टिळकनगर ही अधिवेशनाची जागा सजवली. देशातला मोठा चित्रकार आपल्या मातीत, आपल्या सुतार-बुरुडांबरोबर काम करून गेला. त्या पंचक्रोशीत कला महाविद्यालय असावं हे किती योग्य आहे! ज्या मुलाला घरची शेती सोडून दूर राहता येत नाही, ज्याला आधी पाया पक्का करायचा आहे, त्याने जवळच्या कॉलेजात जावं. तिथे मन लावून शिकवणारे शिक्षक असतील तर तो मोठ्या शहरातल्या गर्दीत हरवण्यापेक्षा बरा घडेल. चाळीसगावचे कैकी मूस कित्येक दशकं तिथल्या रेल्वे स्टेशनशेजारच्या घरात राहिले आणि तिथूनच त्यांच्या छायाचित्रांनी जगभर नाव काढलं. मोठं गाव म्हणजे मोठी कला असा हिशेब नसतो. मी सांगितलेल्या कसोट्या मात्र जवळच्या कॉलेजालाही लावाव्यात: स्केचबुकं, साधा दिवस, पूर्णवेळ शिक्षक, आणि हव्या त्या शाखेचं चालू काम.

अजिंठा आपल्या उंबऱ्यावर आहे. १८७२ पासून जे.जे.चे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तिथे येत आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत, हे काम वर्षानुवर्षे चाललं. मुंबईची मुलं इथे शिकायला येत होती. आज जळगाव-पाचोऱ्याची मुलं शाळेच्या सहलीत लेणी पाहतात आणि वेफर खात परत येतात. ज्यांना जुनी चित्रं-शिल्पं जपण्याच्या, त्यांचा अभ्यास करण्याच्या कामात रस आहे अशीही मुलं असतात, थोडी असतात. त्यांना कलेतिहास नावाचा विषय आहे एवढं तरी कळावं.

पैशांबद्दल थोडंसं. शासनाच्या शिष्यवृत्त्या आहेत: राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, आदिवासी मुलांसाठी स्वयंम्, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या पात्र मुलींना केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. आपण निवडलेलं कॉलेज आणि अभ्यासक्रम यांतल्या कोणत्या योजनेत बसतो, हे प्रवेशाआधी कार्यालयात विचारून घ्या. व्यवस्थापन कोट्यातून परस्पर प्रवेश घेतला की यांतल्या बऱ्याच सवलती हातच्या जातात. नंदुरबारकडच्या, अक्कलकुव्या-धडगावच्या मुलांच्या हातात विलक्षण रेषा असते, मी ती पाहिली आहे. त्यांना वसतिगृहाचा भत्ता मिळू शकतो हे न कळल्यामुळे ती बांधकामावर जातात.

आता एक गोष्ट आपल्यालाच उद्देशून, राग मानू नये. जून महिन्यात वर्तमानपत्रांत खासगी डिझाइन संस्थांच्या रंगीत पानभर जाहिराती येतात. त्यांतल्या काही चांगल्या असतीलही. पण 'पदवी कोणत्या विद्यापीठाची' हे अनेक जाहिरातींत कुठेच लिहिलेलं नसतं. स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र देणाऱ्या एका संस्थेत आमच्या ओळखीच्या एका मुलीच्या वडिलांनी शेत गहाण टाकून फी भरली. पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करायची वेळ आली तेव्हा ते प्रमाणपत्र कुठेही धरलं गेलं नाही. आपण जाहिराती घेऊ नका असं मी म्हणत नाही, वर्तमानपत्र चालायला त्या लागतात. पण त्याच पानाशेजारी एक लहानशी चौकट छापा, की प्रवेश घेण्याआधी संलग्नता, विद्यापीठ आणि मान्यतेचं पत्र मागा.

आणि मुख्य विनंती ही, की कलाक्षेत्राची माहिती जूनमध्ये न देता ऑक्टोबरमध्ये द्या. कोणत्या परीक्षेचा अर्ज केव्हा निघतो, कोणत्या शाखेसाठी कोणती परीक्षा, शासकीय कला महाविद्यालयं कोणती (मुंबईबरोबर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही ती आहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं), कुठे शिल्पकला आहे आणि कुठे टेक्स्टाइल, एवढंच एका पानात. जमल्यास खानदेशातून गेलेल्या आणि सध्या शिकत असलेल्या मुलांना लिहितं करा. त्यांच्या कॉलेजात सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय होतं ते त्यांनी सांगू द्या. आपल्या भागातल्या कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं भरतात, त्यांची बातमी उद्घाटक पाहुण्यांच्या नावांपुढे जात नाही. एकदा आपल्या बातमीदाराने तिथली कामं पाहून त्यांवर लिहावं.

तसं पान छापलंत तर मला आधी दोन दिवस कळवा. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तालुक्यातल्या शाळांचे चित्रकलेचे सर आणि मॅडम माझ्याकडे सामान घ्यायला येतात, प्रत्येकाच्या पिशवीत त्याची एक प्रत मी स्वखर्चाने घालीन.

आपली विश्वासू,
एक कला-साहित्य विक्रेती, अमळनेर, जि. जळगाव
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत दिला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)